खालच्या दोन फळ्या

"मॅडम, हात नका लावू. जितका हात लावता तितका पडते," सुनंदाताई म्हणाल्या.

पण माझं नख आधीच रंगाखाली गेलं होतं. हलकेच ओढलं आणि तळहाताएवढा पापुद्रा सोलून हातात आला. वरून चॉकलेटी, चकचकीत, अगदी नवा. उलटा केला तर मागे लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले, आणि बोटांना ओल लागली. आठवडाभर पाऊस नव्हता. ऊन असं की स्कूटरच्या सीटवर बसवत नव्हतं. आणि भिंतीच्या आत ओल.

मी एका रंगाच्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसमध्ये आहे. नाव भारदस्त, काम साधं. कुठे रंग उडाला, फुगला, काळा पडला की दुकानदार कंपनीला फोन करतो आणि कंपनी मला पाठवते. रंग चुकला की रंगवणारा चुकला, हे मी सांगायचं. दोघांपैकी एक जण माझ्यावर चिडतोच. त्याची आता सवय झाली आहे.

या वेळची कम्प्लेंट आसगावच्या पुढच्या एका गावातली होती. तिथे तळ्याच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागून चार सागवानी खोल्या आहेत. जंगल बघायला येणारे लोक तिथे उतरतात. गावातल्या बायकांचा बचत गट त्या चालवतो आणि सुनंदाताई गटाच्या अध्यक्ष. जागा मात्र गावच्या समितीची. बांधतानाच समितीला सिमेंटच्या खोल्या हव्या होत्या. लाकडाचा हट्ट सुनंदाताईंनी धरला. "जंगल पाहाले येणारा माणूस सिमेंटात काहून राहीन?" असं त्यांनी सभेत उभं राहून विचारलं होतं, आणि तेव्हा कोणाला उत्तर सुचलं नव्हतं.

आता उत्तर भिंतीवरून सोलून पडत होतं. समितीचे अध्यक्ष भाऊराव रोज सकाळी पाळीवरून फिरायला जायचे आणि रोज थांबून ते बघायचे. त्यांनी गटाला स्पष्ट सांगितलं होतं : दिवाळीपर्यंत नीट झालं नाही तर लाकूड काढून सिमेंटचे पत्रे ठोकू, आणि ज्यांना घर सांभाळता येत नाही त्यांच्याकडे ते ठेवणार नाही. म्हणजे भिंती जाणार आणि खोल्याही बायकांच्या हातून जाणार.

मी डब्याचा नंबर तपासला, उरलेला रंग एका काचेवर ओढून पाहिला आणि नागपूरला साहेबांना फोन लावला.

"आपला डबा आहे का?"

"आपलाच आहे, सर."

"खोट?"

"डब्यात नाही."

"मग झालं. साइट कंडिशन लिहा, फोटो टाका आणि आजच क्लोज करा."

साइट कंडिशन म्हणजे आमच्या भाषेत : दोष तुमच्या जागेचा आहे, आमचा नाही, नमस्कार. वाईट शब्द नाही, पण फार सोयीचा आहे. मी म्हटलं, "सर, जागेला नेमकं काय झालंय ते मला कळलेलं नाही."

"तुम्हाला कळायची गरज नाही, मॅडम."

या वाक्याचा मला राग येतो. पहिल्या नोकरीपासून येत आलाय. मी म्हटलं, "दोन आठवडे द्या," आणि ते नाही म्हणायच्या आत रेंज गेल्यासारखं केलं.

रंगवणारा शेषराव तिथेच होता. कम्प्लेंट आली की पेंटर सहसा सापडत नाही. हा स्वतःहून आला होता आणि आल्या आल्या भांडायला लागला होता.

"म्या प्रायमर मारला, मॅडम. घासून घासून दोन हात मारले. कोणालेही इचारा. मले काहून बदनाम करून राहिले?"

"तुमाले कोणी काही म्हणलं का?" मी विचारलं.

"भाऊराव सगळ्या गावाले सांगून राहिले."

त्याचं काम मी पाहिलं होतं. चौकटीच्या कोपऱ्यात ब्रश नीट फिरला होता, कुठे ओघळ नव्हता. हात चांगला होता. चूक होती ती निवडीची, आणि ती निवड दुकानदाराची होती. त्यानं यांना दारं-खिडक्यांना लावतात तो साधा ऑइल पेंट दिला होता.

थोडं समजावून सांगते. लाकूड झाड म्हणून मेलं तरी गप्प बसत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात ते सुकून आकसतं, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं. ऑइल पेंट त्याच्यावर एक कडक, चकचकीत पडदा तयार करतो. घरातल्या दाराला तो वर्षानुवर्षं टिकतो. पण बाहेरच्या भिंतीत लाकूड हलतं, पडदा हलत नाही, आणि कुठेतरी केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि पडद्यामुळे बाहेर येत नाही. मग लाकूडच रंगाला ढकलून देतं. बिनरंगाचं पारदर्शक वॉर्निश लावावं तर ऊन त्यातून आरपार जातं आणि खालचं लाकूड जाळतं. म्हणून अशा घरांना वूड स्टेन लावतात. तो पातळ असतो, लाकडात मुरतो, वर पडदा धरत नाही, आतली वाफ बाहेर जाऊ देतो. त्यात रंगाचे बारीक कण असतात, ते ऊन अडवतात. काही वर्षांनी तो फिका पडतो, पण सोलून निघत नाही. पुसायचं आणि वरून पुन्हा एक हात द्यायचा.

"मंग जवसाचं तेल काहून नाई लावायचं?" सुनंदाताईंनी विचारलं. "बैलबंडीच्या लाकडाले लावतेच ना आमी. घरचं तेल हाये."

प्रश्न बरोबर होता. जुने लोक लावायचेच, आणि चांगल्या स्टेनच्या पोटात पुष्कळदा जवसाचंच तेल असतं. पण त्यात ते लवकर वाळावं म्हणून आणि बुरशी धरू नये म्हणून औषधं घातलेली असतात. घाण्यावरून आणलेलं कच्चं तेल पावसात उभ्या भिंतीला लावलं तर ते चिकट राहतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. बंडी छपराखाली उभी असते म्हणून तिचं निभतं.

"म्हणजे तेल आमी खावाचं, भिंतीले नाई द्यायचं," त्या म्हणाल्या.

"बरोबर. चटणी करा."

तेव्हा पहिल्यांदा हसल्या त्या.

इथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं होतं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसत नव्हती. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे ऊन आणि पाऊस दोन्ही थेट येतात, तिथे रंगाला चिरा होत्या, हे समजण्यासारखं होतं. पण सगळ्यात वाईट अवस्था खालच्या दोन फळ्यांची होती, आणि तीही चारी बाजूंनी. पडवीच्या आतसुद्धा. पडवीवर चांगलं रुंद छप्पर आहे, तिथे पावसाचा थेंब पोचत नाही. आणि नेमका मघाचा तो ओला पापुद्रा मी पडवीतल्याच भिंतीवरून काढला होता.

ओल मोजायचं एक लहानसं यंत्र माझ्या पिशवीत असतं. त्याला दोन टोकदार पिना असतात. त्या लाकडात खुपसल्या की आत किती पाणी आहे ते आकड्यात दिसतं. आमचा नियम सरळ आहे : अठराच्या वर आकडा असेल तर डबा उघडायचा नाही. वरच्या फळ्यांवर आकडा छान कमी आला. खालच्या फळ्यांवर तो तिशीच्या जवळ गेला.

"तळ्याचं पाणी जमिनीतून चढत असन," शेषराव म्हणाला.

मलाही तसंच वाटलं. आम्ही जोत्याच्या कडेनं खणून पाहिलं. माती कोरडी ठणठणीत. छपराची पन्हळ पाहिली, ती ठीक होती. मग मी म्हटलं, पावसाळ्याची ओल आहे, सुकायला वेळ लागेल. शेषरावला खालचा सगळा रंग खरवडून काढायला सांगितला, म्हणजे लाकूड मोकळं होईल, आणि मी परत आले.

पुढच्या आठवड्यात, सोमवारी, पुन्हा गेले. आकडा जिथल्या तिथे. उलट पडवीत एक घर वरच. भाऊराव पाळीवरून उतरून आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मॅडम, तुमची मशीन काय म्हणते?"

"ओल आहे म्हणते."

"थे तर मलेही दिसते. मशीन कायले पाहिजे?"

सुनंदाताई खांबाला टेकून उभ्या होत्या. भाऊराव गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "गटात आता दोघीतिघी म्हणून राहिल्या, सिमेंटच बरं होतं. मायाकडं पाहात नाई धड." त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं आणि स्वतःचा संतापही आला. वीसेक वर्षांचा अनुभव घेऊन मी एका फळीसमोर अडले होते.

चिडूनच मी मीटर पिशवीत टाकायला घेतला. पिना पुसल्याशिवाय ठेवू नयेत म्हणून रुमालानं पुसल्या. रुमालाला हिरवट तपकिरी डाग पडला. लाकडाचा नव्हे, गंजाचा नव्हे. मी रुमाल नाकाशी नेला.

शेण.

आणि मग मला ती भिंत दिसली. म्हणजे डोळ्यांसमोर ती पहिल्या दिवसापासून होती. मी साहेबांना पाठवलेल्या प्रत्येक फोटोत होती. सगळ्या खोल्यांना खालून हातभर उंचीचा, सरळ रेषेत ओढलेला सारवणाचा पट्टा, आणि त्याच्या वरच्या कडेला पांढऱ्या मातीचे ठिपके.

"ताई, हे कोण सारवते?"

"आमीच. बारीबारीनं. दर शनवारी."

"लाकडावर?"

"खालचा पट्टा तर करावाच लागते ना? बिनपट्ट्याचं घर कसं दिसते, उघडं उघडं. रंग खरवडला तं अजूनच उघडं दिसून राहिलं, म्हणून परवा डबल हात देला."

माझं माहेर लाखनीजवळचं. आमच्या मातीच्या घराला असाच पट्टा होता. त्याला पाठ टेकून मी शाळेचा अभ्यास केला. भिंत म्हटली की तिला खाली पट्टा असणारच, म्हणून मला तो दिसलाच नाही. पुण्याहून कोणी नवा इंजिनिअर आला असता तर त्यानं पहिल्याच दिवशी बोट दाखवून विचारलं असतं की हे तपकिरी काय आहे. मी त्यालाच हसले असते.

सगळं जुळलं. मातीच्या भिंतीला सारवण मानवतं, ती पाणी घेते आणि सोडते. इथे दर आठवड्याला खालच्या फळ्यांना शेणपाण्याचा ओला लेप बसत होता. फळ्यांच्या फटीतून, खालच्या कडेतून पाणी आत जात होतं आणि वरचा ऑइल पेंट ते बाहेर येऊ देत नव्हता. पडवीत तर ऊनही नव्हतं. आणि घर वाईट दिसू नये म्हणून बायका जितक्या मनापासून सारवत होत्या तितका रंग जास्त सुटत होता.

मी फारसा विचार न करता म्हटलं, "हे बंद करा. आजपासून लाकडाले शेण नाही लागलं पाहिजे."

सुनंदाताईंनी पदर खोचला. "मॅडम, एक सांगू? या खोल्यांत खुर्च्या बाजारातल्या. गाद्या बाजारातल्या. चादरी नागपूरच्या. एक हा पट्टाच आमच्या हातचा हाये. बाया वावरातून थकून येतात अन् तरी पट्टा वढतात, ठिपके देतात. पाहुणे त्याच्यापाशीच फोटू काढतात. तो बंद करून घर वाचवाचं असन, तं मंग भाऊरावले देऊन टाका ना. त्याले पट्टा नकोच हाये."

मी पडवीच्या पायरीवर बसले. राग आला होता आणि तो त्यांच्यावर नव्हता. रंगाच्या कंपनीत आम्ही लोकांना सारखं सांगत असतो, हे करू नका, ते लावू नका, पाणी मारू नका. घर कशासाठी असतं ते विसरायला होतं.

तळ्यात दोघं जण शिंगाडे काढत होते. मग मी विचारलं, "ताई, पट्टा पाहिजे, कबूल. पण पट्ट्याच्या खाली लाकूडच पाहिजे का?"

"म्हणजे?"

"खाली वीट असली तर चालन?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भात शिजवायला पाणी लागतं का असं विचारलं. "आमाले पट्ट्याशी मतलब. खाली वीट राहो का दगड राहो."

दुसऱ्याच दिवशी गावातला गवंडी आला. खोल्यांचे खांब सिमेंटच्या बैठकीवर उभे होते, त्यांना धक्का लागणार नव्हता. आम्ही चारी बाजूंच्या खालच्या दोन फळ्या काढायला घेतल्या. पहिली फळी निघते आहे तोच भाऊराव पाळीवर दिसले.

"म्या म्हणलं नव्हतं? काढूनच राहिले ना शेवटी लाकूड!"

"हव, काढून राहिलो," सुनंदाताई वर न बघता म्हणाल्या. "दोनच फळ्या. बाकीच्या तुमच्या छातीवर बसवाच्या हायेत."

गवंडी खांबामागे तोंड लपवून हसला.

काढलेल्या जागी विटांची बुटकी भिंत आली, वरून मातीचा गिलावा. तिच्यावर जी पहिली फळी येणार होती तिची खालची कड आम्ही बाहेरच्या बाजूला तिरकी तासली आणि पोटाखाली एक खाच मारली, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी खाचेपाशी सुटून बाहेर पडेल, विटेकडे वळणार नाही. मग लाकूड सुकू दिलं. शेषरावनं वरचा सगळा ऑइल पेंट खरवडला, पॉलिशपेपर मारला. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यावर स्टेन धरत नाही, म्हणून थिनरच्या फडक्यानं प्रत्येक फळी पुसून घेतली.

फळ्यांची कापलेली तोंडं मी स्वतः रंगवली. लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथून पितं. तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या काड्यांची, पेंढी पाण्यात उभी धरली तर पाणी काड्यांमधून जसं वर चढतं, तसंच ते. बाकी भिंतीला दोन हात, तोंडांना पोट भरेपर्यंत.

शेषरावला एकच गोष्ट शिकवावी लागली. ऑइल पेंटचा हात जाड द्यायची त्याला सवय होती. "मॅडम, हे तं पाणी हाये. काही चढलंच नाई वाटते," तो कुरकुरला. मी म्हटलं, चढवायचंच नाही, मुरवायचं आहे. लावा, थोडं थांबा आणि जे वर राहिलं ते फडक्यानं पुसून घ्या. लावलेला रंग पुसायचा, हे त्याच्या जिवावर आलं होतं. आम्ही सावलीच्या मागेमागे काम केलं : सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. तापलेल्या लाकडावर स्टेन मुरायच्या आधीच वाळतो. तेलाची फडकी मी कुंपणावर एकेक पसरून वाळत घातली, कारण ती बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. बायकांना आधी हा माझा सोवळेपणा वाटला. कारण सांगितल्यावर त्यांनी कुंपणावरची फडकी दोनदा मोजली.

दिवाळीच्या तोंडावर समिती पाहायला आली. भिंतीचा रंग मधासारखा दिसत होता आणि सागवानाच्या रेषा पहिल्यांदाच उघड झाल्या होत्या. खाली विटेवर ताजा पट्टा, त्यावर ठिपके. बायकांनी तो दोनदा ओढला होता, पहिला सरळ आला नाही म्हणून. भाऊराव दोन फेऱ्या मारून आले. मग त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि पश्चिमेच्या भिंतीवर जोरात भिरकावली. सुनंदाताईंच्या तोंडून "अवं माय" निघालं.

पाणी फळ्यांवरून घरंगळत खाली आलं, खाचेपाशी अडलं आणि थेंब थेंब बाहेर पडलं. पट्ट्याला वरचे चार शिंतोडे लागले, बस. भाऊरावांनी वाकून खाचेत बोट फिरवलं.

"बादलीनं काय होते," ते म्हणाले. "एक पावसाळा पाहू. तोपर्यंत राहू द्या बायांकडं."

तेवढं पुरेसं होतं. सुनंदाताई खोलीच्या मागे गेल्या. थोड्या वेळानं तोंड धुऊन आल्या आणि सगळ्यांना चहा दिला.

साहेबांना मी फोनवर सांगितलं, "रंग चांगला, घर चांगलं, जोडी चुकली होती."

"असं रिपोर्टात लिहितात का?"

"नाही, सर. म्हणूनच फोनवर सांगतेय."

यंदाचा पावसाळा दणकून झाला. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा बघितली की मला त्या भिंती आठवायच्या. पाऊस ओसरला तशी मी कोणी न बोलावता गेले. पश्चिमेची भिंत थोडी फिकी झाली आहे, ते व्हायचंच होतं. एकही पापुद्रा नाही. मीटर लावला तर सगळ्यात खालच्या फळीचा आकडाही अठराच्या चांगला खाली. खोल्यांत पाहुणे होते. भाऊराव भेटले. खोल्यांबद्दल अवाक्षर नाही. "मॅडम, आमच्या पडवीच्या खांबाले तो पुसाचा रंग चालन का?" एवढंच विचारलं.

शेषरावनं पुसायचं काम उत्तम केलं असं मी म्हणाले, तर म्हणाला, "आता ऑइल पेंटही पुसावं वाटते." त्याला म्हटलं, ते नका करू.

तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले की मीटर आधी पिशवीतच ठेवते. पहिलं विचारते, इथे झाडझूड, सारवण कोण करतं? ती बाई बहुतेक वेळा मागच्या दारातच उभी असते. रंग निवडताना तिला कोणी विचारलेलं नसतं.